गुंगी, वेदना आणि श्वास

घरात कोणी वेदनेने तळमळू लागला की नातलग विनवू लागतात, ‘डॉक्टर, काहीही करा, पण याला एकदा झोपवा.’ ही विनवणी मायेपोटी असते. तिला हसण्याचे कारण नाही. परंतु झोप येणे, वेदना न कळणे आणि दुखणे बरे होणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. तातडीच्या प्रसंगी वापरावयाची औषधे समजून घ्यावयाची, तर हा भेद आधी ध्यानात घेतला पाहिजे.

मालवणच्या किनाऱ्यावर कोणाच्या तळहातात मासेमारीचा गळ रुतला, तर डॉक्टर त्या जागेभोवती लिग्नोकेन टोचतात. मेंदूकडे निघालेली वेदनेची वर्दी तेथेच अडते, आणि माणूस शुद्धीवर राहून खुशाल गप्पा मारतो. मिडॅझोलामचे याच्या उलट आहे. त्याने गुंगी येते, भीती ओसरते, घडलेले पुष्कळदा आठवतही नाही. मात्र वेदना शमविण्याचा गुण त्यात नाही. मॉर्फीन वेदना शमविते, पण मात्रा जास्त झाली की श्वास मंदावतो. ही दोन एकत्र आली, किंवा पोटात आधीच दारू असली, तर श्वास थांबण्याचा धोका फारच वाढतो.

रापण ओढताना खांदा निखळला किंवा माडावरून पडून मांडीचे हाड मोडले, तर केटामीन कामी येते. १९६२ साली अमेरिकेत कॅल्व्हिन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञाने ते तयार केले, आणि १९६४ मध्ये ते माणसांवर प्रथम वापरले गेले. ते गुंगी आणते व वेदनाही घालविते. शिवाय योग्य मात्रेत श्वास बहुधा चालू राहतो आणि रक्तदाब सहसा खाली येत नाही. मोठी यंत्रसामग्री नसलेल्या लहान रुग्णालयात याचे मोल किती, हे सांगावयास नको. रोग्याचे डोळे उघडे राहतात, शुद्धीवर येताना तो असंबद्ध बोलतो. नातलग घाबरतात, पण हा अंमल थोड्या वेळाने उतरतो.

तरीही कोणतेही गुंगीचे औषध देताना प्राणवायू, श्वासनलिकेत घालावयाची नळी आणि रोग्याच्या छातीवर नजर ठेवणारा जाणता माणूस जवळ हवाच. ‘शेवटचे कधी खाल्ले?’ हा प्रश्नही याचसाठी असतो. गुंगीत पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसात शिरू शकते. तेव्हा अपघातानंतर धीर यावा म्हणून दिलेला कपभर चहासुद्धा डॉक्टरांना सांगावा, आणि माडी घेतली असेल तर तेही. तेथे लाज धरण्यात अर्थ नाही.

आता तळमळीविषयी. डोक्याला वा छातीला मार लागलेला माणूस हातपाय झाडतो, ते कधी कधी प्राणवायू कमी पडल्यामुळे. त्याला नुसते झोपविले तर तळमळ थांबते आणि धोक्याची खूणही नाहीशी होते. कोकणातल्या तांबड्या विंचवाने हे चांगलेच शिकविले आहे. त्याच्या विषाने दरदरून घाम येतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी साठते. अशा रोग्याला केवळ शांत करून भागत नाही. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० नंतरच्या दशकात प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध यावर वापरले. फुप्फुसात पाणी साठलेल्या शंभर रोग्यांत पूर्वी पंचवीस ते तीस दगावत. पुढे ही संख्या दोन ते चारांवर आली. दंशाच्या जागी लिग्नोकेन टोचून वेदना कमी करता येते, पण जीव वाचविण्याचे काम दुसऱ्या औषधाचे.

मण्यारीची गोष्ट आणखी फसवी. जमिनीवर झोपलेल्याला ती रात्री चावते, वेदना फारशी होत नाही, आणि पहाटे पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. घरच्यांना वाटते, झोप पुरी झाली नाही. खरे तर विषाने स्नायू लुळे पडू लागलेले असतात, आणि आतला माणूस पुष्कळदा पुरता जागा असतो. त्याला घरी गुंगीची गोळी देणे घातकच. त्याला हवी असते सर्पविषावरची लस, आणि छातीचे स्नायू थकले तर कृत्रिम श्वासाचे यंत्र. मालवणहून ओरोसचे जिल्हा रुग्णालय किंवा गोव्यातील बांबोळी गाठेपर्यंत वाटेत मोजावयाचा असतो तो त्याचा श्वास.