ब्रेक-क्लचचं पेडल घ्यायचंय? आधी मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडा

माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये विद्यार्थी स्वतः फॉर्म्युला स्टुडंटची रेसकार बांधतात, हे दादर-परळच्या बऱ्याच जणांना माहीत असेल. अशा गाड्यांच्या इंजिनाबद्दल सगळेच बोलतात. मला विचाराल तर खरी मजा पायाखाली असते, पेडल बॉक्समध्ये.

या स्पर्धेचा नियम सांगतो की ब्रेक पेडलने २००० न्यूटन जोर सहन केला पाहिजे, म्हणजे साधारण २०० किलो वजन. एवढा जोर कोण देणार? घाबरलेला ड्रायव्हर! शिवाय हायड्रॉलिक सर्किट दोन लागतात; एक गळलं तरी निदान दोन चाकांना ब्रेक मिळायला हवा.

आता घरगुती बांधणीकडे या. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत किंवा चोर बाजारात जुन्या गाडीचं पेडल स्वस्तात मिळतं. पण आजच्या बहुतेक गाड्यांत ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर असतो आणि पेडल त्याच्याच हिशोबाने बनवलेलं असतं. बूस्टर न घेता नुसतं पेडल लावलंत, तर दगडावर पाय दिल्यासारखं वाटेल.

मग गणित करा. पायाचा जोर ३०० न्यूटन आणि पेडल रेशो ५:१ धरला, तर पुढे १५०० न्यूटन मिळतात. दोन मास्टर सिलिंडरमध्ये तो सारखा वाटला की प्रत्येकी ७५०. सिलिंडरचा बोअर पाऊण इंच असेल तर दाब होतो सुमारे २६ बार. तोच बोअर ५/८ इंच घेतला की ३८ बार! म्हणजे लहान बोअरमध्ये दाब जास्त. पण ऑइल कमी ढकललं जातं, म्हणून पेडल जास्त खाली जातं. फुकट काहीच मिळत नाही. पुढे-मागे दाब कमी-जास्त करायला दोन सिलिंडरच्या मध्ये बॅलन्स बार बसवतात. माझ्या मते पैसे वाचवायचे तर सीटवर वाचवा, इथे नको.

क्लचचं काम सोपं. त्याचा मास्टर सिलिंडर गिअरबॉक्सकडच्या स्लेव्ह सिलिंडरशी जुळला पाहिजे, आणि पेडलला मागे स्टॉप हवा, नाहीतर क्लच गरजेपेक्षा जास्त दाबला जातो. बाईकचं इंजिन असेल तर बरेच जण हाताचा लिव्हरच ठेवतात.

आणि हो, ब्रेक ऑइल. डॉट ४ हवेतला ओलावा शोषतं. नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा धरल्यावर मर्यादा १५५ वर येते. आपल्याकडच्या पावसाळ्यात अर्धी उघडी बाटली वापरू नका. सिलिकॉनवालं डॉट ५ त्यात मिसळायचंच नाही.

एक गोष्ट कायद्याची: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी झालेल्या गाडीत कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत. त्यामुळे असले प्रयोग ट्रॅकवरच्या गाडीत करा, लालबागच्या ट्रॅफिकमध्ये नाही.