तीनशे चाळीसचा फिल्टर

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याच्या रस्त्याने निघालं की आरे-वारेच्या चढावर बहुतेक जण थांबतात. खाली दोन किनारे, मध्ये डोंगराचं नाक, कडेला सुरूचं बन. पर्यटक फोटो काढतात. मी थांबायचो तो हेल्मेटची काच पुसायला. समुद्रावरच्या वाऱ्याने काचेवर जो चिकट, खारा थर बसतो, तोच पुढच्या गावातल्या लॅबच्या यंत्रातही बसलेला असणार, हा पहिला अंदाज तिथेच बांधायचा.

रक्त-लघवी तपासणाऱ्या यंत्रांचा मी सर्व्हिस इंजिनिअर. लॅबवाल्यांच्या भाषेत 'कंपनीचा माणूस'. आंबा घाट उतरून यायचं, दोन दिवसांत पाच-सहा कॉल उरकायचे, परत घाट चढायचा. पाठीवरच्या सॅकमध्ये मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, दोन-चार हॅलोजन दिवे, पंपाच्या नळ्या आणि एक जुना टूथब्रश.

तेव्हा घरोघरी चूल तशी लॅबोलॅबी सेमी-ऑटो अॅनालायझर. रचना साधी: दिवा, फिल्टर, रक्ताचं मिश्रण खेचणारी नळी आणि पलीकडे उरलेला प्रकाश मोजणारा डोळा. फोन यायचा, "सर, एसजीपीटी आणि युरिया काहीच्या काही येतायत. शुगर, कोलेस्टेरॉल मात्र चोख." एवढं ऐकलं की यंत्र न बघताच निम्मं निदान व्हायचं. शुगर आणि कोलेस्टेरॉल 505 नॅनोमीटरला वाचतात, एसजीपीटी आणि युरिया बहुधा 340 ला. म्हणजे एक तर दिवा म्हातारा झालाय, कारण हॅलोजनचा अतिनील टोकाकडचा प्रकाश आधीच तोकडा, तिथली घट पहिली जाणवते. नाही तर 340 च्या फिल्टरवर बुरशी धरलीय. कोकणातल्या जुलै-ऑगस्टमध्ये दुसरं कारण जास्त खरं निघायचं. फिल्टर उजेडात धरला की कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसे.

रक्तपेशी मोजणाऱ्या सेल काउंटरची रचनाही अशीच साधी. वॉलेस कोल्टर या अमेरिकन माणसाला 1953 साली ज्या कल्पनेचं पेटंट मिळालं, ती आजही बहुतेक यंत्रांच्या पोटात आहे. केसाच्या जाडीएवढ्या छिद्रातून पेशी एकेक करून जाते, तेवढ्यापुरता विजेचा प्रवाह अडतो, तो अडथळा मोजायचा. रक्ताची बारीकशी गुठळी अडकली की मोजणी ठप्प. मग टूथब्रश आणि ब्लीच. आता यंत्र स्वतःच उच्च दाबाची वीज सोडून गुठळी जाळून टाकतं. टूथब्रशची नोकरी गेली.

टूथब्रशच्या मागोमाग आमचीही जाते की काय, अशी धास्ती होती. हॅलोजनच्या जागी बऱ्याच यंत्रांत एलईडी आले. बोर्डावरचे सुटे भाग इतके बारीक झाले की सोल्डरिंग गन घरीच राहिली. बोर्ड काढा, नवा बसवा, जुना परत पाठवा. गोव्यात वेर्ण्याला बनणारं ट्रूनॅट घ्या. बॅटरीवर चालतं, हातात उचलून नेता येतं, एका चिपवर क्षयाचा जंतू शोधतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये त्याला मान्यता दिली. अशा यंत्राच्या पोटात गावोगावच्या लॅबमध्ये बसून काय दुरुस्त करणार? मोठी यंत्रं तर आपली तक्रार इंटरनेटवरून थेट कंपनीला कळवतात.

यात पहिला फटका बसला तो सुट्या मेकॅनिकना, जे कुठल्याही कंपनीचं यंत्र उघडत. पासवर्ड, डाँगल आणि रसायनांच्या बाटल्यांवरचे बारकोड आले आणि त्यांच्या हातातलं यंत्र निसटलं. मला हे अन्यायाचं वाटतं. पाच वर्षांनी कंपनीने सुटे भाग बंद केले, तर छोट्या लॅबने जायचं कुणाकडे? कंपनीतल्या आमच्यापैकी जे तगले ते वेगळंच काही शिकले. कुणी यंत्राची नऊ पिनांची केबल लॅबच्या संगणकाला जोडून रिपोर्ट परस्पर छापून दाखवू लागला. कुणी लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या कागदपत्रांत आणि कॅलिब्रेशनमध्ये शिरला. कुणी अॅप्लिकेशनला गेला, म्हणजे यंत्र नीट आहे, मग कंट्रोल, म्हणजे ठाऊक उत्तराचा नमुना, का हुकतोय हे टेक्निशियनशेजारी बसून शोधणं. स्क्रूड्रायव्हर फिरवण्यातच पुरुषार्थ मानणारे मागे पडले. मीही त्यातच जाणार होतो.

एका मे महिन्यात इकडच्याच एका लॅबमध्ये सेल काउंटर रिकाम्या द्रावणातही प्लेटलेट मोजत होता. कंपनीच्या स्क्रीनवर फक्त 'बॅकग्राउंड जास्त' एवढंच. मी रीतसर बोर्ड बदलला. फरक शून्य. दुसरा मागवला, चार दिवस गेले, फरक शून्य. लॅबच्या ताई चहा देता देता म्हणाल्या, "दादा, परवापासून फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात हो." मल्टिमीटर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये धरला तर नऊ व्होल्ट, तीनच्या वर गेलं की आमच्याकडे धोक्याची घंटा. मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा जांभ्यात खणलेला, आणि जांभ्यात पाणी ठरतंय कुठे? माती खडखडीत वाळली होती. विजेचा तो गोंगाटच यंत्र प्लेटलेट म्हणून मोजत होतं. दोन बादल्या पाणी ओतलं, अर्ध्या तासाने बॅकग्राउंड शून्यावर.

दोन बोर्डांचा खर्च माझ्या नावावर लागला आणि तो योग्यच होता. ते दोन्ही बोर्ड ठणठणीत होते.

लॅबवाल्यांना एवढंच सांगणं: मार्च लागला की अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला. फोन त्यानंतर करा.