आरोग्यसेवेतील सहयोगी अध्ययन जाळी : हजेरीवरून प्रगती कळते का?

एकाच प्रकारचे काम करणाऱ्या अनेक दवाखान्यांनी समान उद्दिष्ट ठरवायचे, सारख्या पद्धतीने नोंदी ठेवायच्या, त्या एकमेकांना दाखवायच्या आणि एकाला साधलेले दुसऱ्याने करून पाहायचे, ही सहयोगी अध्ययन जाळ्याची पद्धत. बोस्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंटने 1995 मध्ये तिला ठरावीक आराखडा दिला. भारतात डिसेंबर 2017 मध्ये प्रसूतिगृहांसाठी सुरू झालेला ‘लक्ष्य’ कार्यक्रम याच वळणाचा आहे. खानदेशात असे जाळे विणायचे तर धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि 2018 मध्ये सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्याशी चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री येथील रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जोडावी लागतात.

गैरसमज : प्रशिक्षणे किती झाली, हजर किती होते आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर सदस्य किती, यावरून जाळ्याची वाढ कळते.

वस्तुस्थिती : मुळीच कळत नाही. बोस्टनच्या त्याच संस्थेने सहभागी गटांची प्रगती जोखण्यासाठी पाच पायऱ्यांची मोजपट्टी केली. गट स्थापन झाला की पहिली पायरी. बैठका, चर्चा सुरू आहेत पण कामाच्या पद्धतीत बदल नाही, ही दुसरी. सुधारणा दिसू लागते ती तिसऱ्या पायरीपासून, आणि पाचवी मिळते ती उत्तम व टिकणाऱ्या निकालांना. हजेरीपट कितीही भरला तरी तो दुसऱ्या पायरीपुढे नेत नाही. तरीही आढावा बैठकीत पहिला प्रश्न हजेरीचाच निघतो आणि पुष्कळदा शेवटचाही तोच असतो. यात नुकसान रुग्णाचे होते.

सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल, पावरा आदी समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारावरून हे स्पष्ट होते. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य आहे. तपासणी हवीच, पण तेथून पुढे काय झाले ते पाहावे लागते. प्राथमिक तपासणीच्या सोल्युबिलिटी चाचणीत रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ होऊन नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या की चाचणी पॉझिटिव्ह. ती व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे मात्र त्यावरून ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतील चाचणी लागते. म्हणून जाळ्याचे मोजमाप वेगळ्या प्रश्नांनी करायला हवे. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी कितींचे पक्के निदान झाले आणि त्याला किती दिवस लागले? हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू असलेल्यांपैकी किती जण ते नियमित घेतात आणि कितींच्या रक्तपेशींची तपासणी वेळेवर होते?

हे आकडे महिनावार मांडायचे. दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि गुजरातेत कामाला कुटुंबे निघून गेली की औषधाची साखळी तुटू शकते. वार्षिक सरासरीत ती घसरण बुजून जाते, महिनावार आलेखात ती डोळ्यांत भरते. जाण्यापूर्वी रक्त तपासून जास्त दिवसांच्या गोळ्या आणि उपचाराची चिठ्ठी देण्याची सोय एका केंद्राने केली, शेजारच्या तालुक्यातील केंद्राने ती उचलली आणि त्याचाही आलेख सावरला, तर जाळे शिकले असे म्हणता येते. मूल्यमापनात हाच पुरावा शोधायचा असतो.

गैरसमज : आकडे सुधारले, म्हणजे श्रेय जाळ्याचेच.

वस्तुस्थिती : येथे घाई नको. अमेरिकेतील मिशिगन राज्यात अतिदक्षता विभागांनी एकत्र काम करून रक्तवाहिनीतील नळीमुळे होणारा जंतुसंसर्ग 18 महिन्यांत 66 टक्क्यांपर्यंत कमी केला. हा अभ्यास 2006 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. इंग्लंडने तोच प्रयोग 2009 ते 2011 या काळात केला आणि प्रौढांच्या विभागांतील संसर्ग सुमारे 60 टक्क्यांनी घटला. पण जे विभाग उशिरा सामील झाले, त्यांचे प्रमाण सामील होण्यापूर्वीच उतरलेले होते. त्यामुळे किती श्रेय कार्यक्रमाचे, हे सांगणे अवघड झाले. यावर साधा उपाय आहे : जाळे सुरू होण्याआधीचे किमान वर्षभराचे आकडे हाताशी ठेवावेत आणि तालुके टप्प्याटप्प्याने जोडावेत. धुळे जिल्ह्यातील केंद्रे आधी आणि जळगावची नंतर जोडली, तर तुलना आपोआप मिळते.

उलट दिशेचा धडा उत्तर प्रदेशातील ‘बेटरबर्थ’ अभ्यासाने दिला. तेथे 120 पैकी 60 केंद्रांत प्रसूतीच्या चेकलिस्टसाठी प्रत्यक्ष मार्गदर्शन झाले. दोन महिन्यांनी आवश्यक कृतींचे पालन 72.8 टक्के होते, तुलनेच्या केंद्रांत 41.7. तरीही माता व अर्भकांच्या मृत्यूंत आणि मातांच्या गंभीर गुंतागुंतींत फरक पडला नाही. कृती आणि परिणाम दोन्ही मोजावे लागतात ते यासाठी.

गैरसमज : जाळ्यात तज्ज्ञ बोलतो, बाकीचे ऐकतात. वस्तुस्थिती : बाकीच्यांनीही बोलायचे असते. न्यू मेक्सिकोतील ‘इको’ प्रकल्पात ग्रामीण डॉक्टर स्वतःचे रुग्ण चर्चेला मांडत. 2011 च्या अभ्यासात हिपॅटायटिस-सी बरा होण्याचे प्रमाण त्यांच्याकडे 58.2 टक्के, तर विद्यापीठाच्या दवाखान्यात 57.5 टक्के भरले.

गैरसमज : वाईट आकडा म्हणजे कारवाई. वस्तुस्थिती : मातामृत्यू अन्वेषणाच्या सरकारी मार्गदर्शक सूचनाच कोणावर दोष न ठेवण्याचे तत्त्व सांगतात. शिक्षेची भीती असली की नोंदी गोड होतात आणि शिकण्यासारखे काही उरत नाही.

गैरसमज : वर्षभरात निकाल आला की मूल्यमापन संपले. वस्तुस्थिती : बंधपत्रित डॉक्टरची सेवा वर्षभराची असते, परिचारिकांच्या बदल्या होतात. म्हणून तीच मोजणी नवे कर्मचारी रुजू झाल्यावर आणि निधी थांबल्यावर पुन्हा करावी लागते.