थोबाच्या खिशात पिस्तूल नसते

आखाती देशांविषयी आपल्याकडे जे समज पक्के बसलेले आहेत, त्यांतला एक कपड्यांचा आहे. पायघोळ पांढरा पोशाख, त्यावर काळा किंवा तपकिरी जरीकाठी अंगरखा आणि त्याच्या आत कुठेतरी पिस्तूल किंवा खंजीर. हिंदी सिनेमातल्या अरब खलनायकांनी हे चित्र घरोघरी पोहोचवले. नोकरीसाठी दोह्याला निघालेल्या मुलाची आईही मग विचारते, ‘तिथे सगळ्यांकडे बंदुका असतात म्हणे?’ सैल कपडा म्हणजे लपवायला जागा, हे या समजामागचे गणित. आणि ते उलटे आहे. सामान्य माणसाचा कपडा बंदुकीच्या बेताने तिथेच बदलतो, जिथे कायद्याने त्याला ती रोज अंगावर बाळगू दिलेली असते. अमेरिकेत तसे झाले आहे. घराबाहेर पिस्तूल बाळगणे हा नागरिकाचा हक्क असल्याचे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या खटल्यात सांगितले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे जाड, ताठ पट्टे आणि कमरेवर फुगवटा दिसू न देणारे शर्ट खास त्यासाठी विकले जातात. आपल्याकडचा नमुना म्हणजे मंत्र्यांच्या मागे चालणारा सफारीवाला. त्याचा बुशकोट पँटच्या बाहेर असतो, तो फॅशन म्हणून नव्हे.

आता तो पायघोळ पांढरा पोशाख, म्हणजे कतारी थोब, जवळून पाहा. पातळ पांढरे कापड, ताठ कॉलर, पुढे बटणांची पट्टी, छातीवर एक खिसा आणि बाजूच्या शिवणीत एकेक. आत बनियन आणि पातळ सुती विजार. कमरेला पट्टा नाही, आणि खरा मुद्दा हाच आहे. भरलेले पिस्तूल पाऊण ते एक किलोचे धूड. पट्ट्याचा आधार नसेल तर ते अंगाला धरून राहत नाही. शिवणीतल्या खिशात ते टाकले, तर कपडा एका अंगाला ओढला जाईल आणि पांढऱ्या कापडातून त्याचा आकार लांबूनही दिसेल. साध्या मोबाइलचा चौकोनसुद्धा त्या खिशात लपत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर राहणाऱ्या गावात हा पोशाख बेतला गेला तो वारा खेळावा आणि ऊन परतून जावे म्हणून. त्याची कडक इस्त्री आणि पांढरेपणा ही तिथल्या पुरुषाच्या टापटिपीची खूण. तिला सुरकुती पडलेली त्याला खपत नाही, तिथे किलोभर लोखंड कुठून खपणार?

कोणी म्हणेल, थोबाचे ठीक, पण वरचा तो अंगरखा, म्हणजे बिश्त? त्याच्या आत तर माणूस लपेल. लपेलही. पण बिश्त हा रोजचा कपडा नाही. लग्न, ईद, दरबार, मोठा समारंभ यांसाठीच तो निघतो. 18 डिसेंबर 2022 रोजी लुसैलच्या मैदानावर विश्वचषक उचलण्याआधी मेस्सीच्या खांद्यांवर चढवला होता तो हाच. एखाद्या कपड्याआड वस्तू मावते, एवढ्यावरून ती तिथे असतेच असे ठरत नाही. तसे असते तर नऊवारीच्या ओच्याविषयीही शंका घ्यावी लागेल. कमरेचा खंजीर ही तर सरळ सरळ देशांची गल्लत आहे. तो ओमानचा. तिथल्या झेंड्यावरही तो आहे, आणि ओमानी माणूस तो मिरवतो पोटावर, सर्वांना दिसेल असा. कतारमध्ये शस्त्र दिसते ते ‘अर्दा’ नृत्यात. 18 डिसेंबरच्या राष्ट्रीय दिनी पुरुष समोरासमोर रांगा करून तलवारी उंचावतात, अमीरही त्यात उतरतात. म्हणजे दोन्हीकडे शस्त्र आहे, पण शोभेचे आणि उघडे. ज्या समाजात शस्त्र प्रतिष्ठेची खूण असते, तिथे ते झाकण्यात अर्थ नसतो.

याचे दुसरे टोक म्हणजे ‘कतारमध्ये बंदूकच नाही’ हा समज. तोही खरा नाही. शस्त्रे, दारूगोळा आणि स्फोटकांसाठी तिथे 1999 चा 14 क्रमांकाचा कायदा आहे आणि परवान्याचा कारभार गृहमंत्रालयाकडे आहे. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे किंवा आणणे गुन्हा. पण नेमबाजी तिथे मानाचा खेळ आहे. डकार रॅलीमुळे जगाला ठाऊक असलेले नासिर अल-अतिया यांनी 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्कीट नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी टोकियो ऑलिंपिकसाठी भारताची जागा मिळवली तीही दोह्यातच, नोव्हेंबर 2019 च्या आशियाई स्पर्धेत. आणि बंदुकीसाठी खरोखर बेतलेला कपडा पाहायचा असेल तर तो इथे दिसतो. रायफल नेमबाजाचे जाकीट कॅनव्हास-चामड्याचे, इतके ताठ की ते घालून धड वाकता येत नाही. ते शरीराला आधार देते, म्हणून त्यावर पाळतही कडक: जाडी आणि ताठरपणा यंत्राने मोजतात, एका पदराला 2.5 मिलिमीटरच्या वर सूट नाही. रायफल येते ती कुलूपबंद पेटीतून, आगाऊ परवानगी आणि क्रमांकाच्या नोंदीसह. बंदूक आहे, कपडा आहे, फक्त लपवाछपवी नाही.

मराठी माणसाला प्रत्यक्षात भोवू शकतो तो तिसराच गैरसमज: ‘माझ्याकडे रीतसर परवाना आहे.’ भारताचे 2016 चे शस्त्र नियम सार्वजनिक जागी पिस्तूल म्यानात किंवा पिशवीत आणि पूर्ण झाकलेले ठेवायला सांगतात; म्हणजे आपल्याकडे झाकणे ही परवानाधारकावरची सक्ती आहे, त्याची हौस नव्हे. पण तो परवाना देशाच्या हद्दीपर्यंतच. शिवाय पिस्तूल घरी ठेवून निघालेल्याच्याही जाकिटात किंवा बॅगेच्या कप्प्यात एखादे काडतूस राहून जाते. भारतातल्या विमानतळांवर असे प्रकार वरचेवर सापडतात आणि शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. वस्तू जवळ आहे याची जाणीव असल्याखेरीज ‘ताबा’ सिद्ध होत नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये गुनवंतलाल खटल्यात म्हटले आहे, आणि विसरलेल्या काडतुसांच्या अनेक प्रकरणांत उच्च न्यायालयांनी त्याच आधारावर गुन्हे रद्द केले. यावर कोणी म्हणेल, मग एवढे घाबरायचे कशाला? कारण हा बचाव भारतीय न्यायालयातला आहे, दोह्यातला नव्हे. ‘मी तर नुसता विमान बदलतोय’ हेही तिथे कामी येत नाही; दोह्याच्या हमद विमानतळावर पुढच्या विमानाच्या प्रवाशांचीही हातातली बॅग आणि जाकीट पुन्हा क्ष-किरण यंत्रातून जाते.