कॅम्पर व्हॅन भाड्याने देताय? आधी उन्हाचा हिशोब करा

शाळांना सुट्टी लागली की मे महिन्यात फॅमिली फिरायला निघते, आणि नेमकी तेव्हाच पत्र्याची व्हॅन तव्यासारखी तापते. रात्री अकरा वाजता ग्राहकाचा फोन येतो, "सर, मुलं झोपतच नाहीयेत." त्या एका रात्रीत तुमचं भाडंही जातं आणि रिव्ह्यूही.

"एसी बसवला की झालं," असं वाटतंय ना? आकडे बघा. एक टनाचा साधा एसी कॉम्प्रेसर चालू असताना साधारण 1000 ते 1200 वॅट खातो. 12 व्होल्ट, 200 अँपिअर-अवरच्या बॅटरीत 2400 वॅट-अवर, म्हणजे जेमतेम दोन तास. छतावर 400 वॅटचं सोलर लावलं तरी दिवसाला दीड-दोन युनिट. आणि गाडी झाडाखाली लावली की तेही नाही!

म्हणून पहिला खर्च ऊन अडवण्यावर करा. छत पांढरं रंगवा. पत्रा आणि आतलं प्लायवूड यांच्यामध्ये नायट्राइल रबरची शीट भरा, एसीच्या पाइपांवर काळी गुंडाळलेली असते तीच. समोरच्या काचेला चकचकीत पडदा शक्यतो बाहेरून लावा. ऊन एकदा काचेतून आत आलं की आतला पडदा स्वतःच तापत बसतो. छतात 12 व्होल्टचा एक्झॉस्ट फॅन हवा, आणि सावलीच्या बाजूची खिडकी उघडी. त्या खिडकीला मच्छरजाळी नसेल तर ती कुणीही उघडणार नाही, हे आपण सगळेच विसरतो.

छोटा कूलर विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत मस्त चालतो. कोकणात नाही, तिथे आधीच हवेत दमटपणा, त्यात तुम्ही आणखी पाणी घालणार.

आता एक गोष्ट गंभीरपणे ऐका. थंडाव्यासाठी इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून झोपायचं नाही. डिसेंबर 2024 मध्ये केरळात वडकराजवळ उभ्या कॅरव्हॅनमध्ये दोघांचा जीव गेला. जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. त्याला ना वास, ना रंग. हा नियम भाडेकरारात घाला, गाडीतही मराठीत चिकटवा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवाच.

एसी द्यायचाच असेल तर मुक्कामाच्या ठिकाणी 15 अँपिअरचा प्लग आहे का, ते आधी फोन करून विचारा. बुकिंग घेतानाच स्पष्ट लिहा: "एसी फक्त प्लग मिळेल तिथे." दोन ग्राहक कमी येतील, येऊ देत. मे महिन्यात रूटही तुम्हीच सुचवा: महाबळेश्वर, चिखलदरा, तोरणमाळ. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं, आणि त्याला बॅटरी लागत नाही.

पहिल्या बुकिंगआधी व्हॅन दिवसभर उन्हात उभी करा आणि रात्री घरच्यांना घेऊन तिच्यातच झोपा. सोबत थर्मामीटर ठेवा. रात्री दहा, एक आणि पहाटे चारचा आकडा वहीत लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यावरून भाडं ठरवू.