पाय सुटायला हवा

घोडेस्वारीचे बूट म्हटले की डोळ्यांसमोर येते ते गुडघ्यापर्यंतचे चकाकते काळे चामडे, आणि हा सगळा थाट दिमाखासाठी असावा असे वाटते. या बुटातला सगळ्यात मोलाचा भाग मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: जेमतेम अडीच सेंटिमीटर उंचीची टाच. स्वाराच्या पावलाचा पुढचा रुंद भाग रिकिबीच्या आडव्या पट्टीवर टेकलेला असतो. घोडा बुजला किंवा धावता धावता एकदम थांबला की पाऊल पुढे सरकते. टाच असेल तर ती पट्टीला अडते. टाच नसेल तर पाऊल घोट्यापर्यंत आरपार जाते आणि त्याच वेळी स्वार खाली आला, तर त्याच्या लोंबकळणाऱ्या अंगाच्या भाराने रिकीब तिरकी होऊन घोट्याभोवती अडकून बसते. दुडक्या चालीने घोडा ताशी १४ किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ चार मीटर. तीन सेकंदांत बारा मीटर फरफट, आणि डोके मागच्या खुरांजवळ. म्हणून स्वारीचा बूट घेताना पहिला प्रश्न हाच हवा, की पडताना यातून पाय मोकळा होईल का. तबेल्यात काम करताना हाच प्रश्न उलटा होतो. तिथे पाय झाकलेला आणि जमिनीला धरून राहायला हवा. दोन्हींसाठी एकच जोड वापरण्याची आपल्याकडची सवय म्हणूनच धोक्याची आहे.

टाचेचा इतिहास या मुद्द्याला दुजोरा देतो. भाजे आणि सांचीच्या शिल्पांत दिसणारी रिकीब ही फक्त पायाच्या अंगठ्यापुरती कडी होती, असे काही इतिहासकार मानतात. अनवाणी स्वाराला तेवढी पुरे, आणि अंगठ्याच्या कडीतून अख्खे पाऊल पलीकडे जायची भीतीही नाही. पूर्ण पाऊल सामावणारी रिकीब आली आणि स्वाराच्या पायात जोडा आला, तेव्हा पाऊल अडवणारे काहीतरी लागणारच होते. इराणी घोडेस्वारांच्या जोड्यांना टाच होती. युरोपातल्या खानदानी पुरुषांनी सतराव्या शतकात ती त्यांच्याकडूनच उचलली आणि पुढे तिची फॅशन झाली. टाचेखेरीज तळवाही पाहावा लागतो. स्वारीच्या बुटाचा तळवा जवळपास गुळगुळीत हवा, कारण खोल खाचा पट्टीवर दात रोवल्यासारख्या बसतात. रिकीब बुटापेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर रुंद असावी. त्याहून अरुंद असली तर बूट पाचरीसारखा रुततो आणि फार रुंद असली तर टाचेसकट पाय आत जाऊ शकतो. नाडीचा सुटा फासही अडकतो. त्यामुळे बाजूला इलॅस्टिक किंवा चेन असलेला, घोट्यापर्यंतचा जोधपुरी बूट नवख्यालाही चांगला.

माथेरानला मोटारींना बंदी असल्याने घोडा हे तिथले रोजचे वाहन आहे. तिथे येणारा पर्यटक म्हणेल, अर्ध्या तासाच्या फेरीला बूट कशाला, स्पोर्ट शूज आहेतच की. पण नेमके तेच वाईट. त्यांचा तळवा टाचेपासून बोटांपर्यंत सपाट, रबर मऊ आणि पकड घट्ट, म्हणजे पाय आत जायला काही अडसर नाही आणि बाहेर यायला मात्र घर्षण भरपूर. असे अपघात क्वचितच होतात, हे खरे. पण धोका तोलताना घटना किती वेळा घडते याबरोबर ती घडल्यावर काय उरते हेही धरावे लागते. रिकिबीच्या बाजूला रबरी पट्टी लावून ती ताणाखाली सुटेल अशी सोय करता येते आणि ती करावीच. टाच नसलेल्या बुटाला मात्र तो पर्याय ठरत नाही.

आता जमिनीवर उतरू. साडेचारशे किलोच्या घोड्याचे सुमारे साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असते. म्हणजे तो नुसता उभा असला तरी एकेका खुरावर १३५ किलो, आणि चालताना क्षणभर याच्या दुपटीच्या आसपास. नालेची कड माणसाच्या बोटांवर आली तर हा भार रुपयाच्या काही नाण्यांएवढ्या जागेत एकवटतो. पोलादी टोपीच्या बुटाने बोटे उलट छाटली जातात, अशी एक भीती तबेल्यांत हटकून ऐकू येते. सुरक्षा बुटांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार या टोपीला २०० जूलचा आघात सोसावा लागतो, म्हणजे २० किलोचे वजन एक मीटरवरून पडावे तेवढा. शिवाय १५ किलोन्यूटनचा, म्हणजे साधारण दीड हजार किलोंचा दाबही. चालत्या घोड्याचे पाऊल त्याच्या पाचव्या हिश्श्याच्याही आत येते. टोपी दबण्याइतका भार आला, तर साध्या बुटातली बोटे त्याच्या कितीतरी आधी चिरडलेली असतील. या टोपीची खरी मर्यादा वेगळी आहे. ती फक्त बोटे झाकते, पावलाची वरची बाजू उघडी राहते. आणि तिचा जाड, फुगीर पुढा रिकिबीत अडकतो, म्हणून ती घालून घोड्यावर चढू नये.

तबेल्यातली फरशी हा तर स्वतंत्र विषय आहे. शहाबादी फरशीवर पाणी, मूत आणि लीद यांचा पातळ थर साचला की गुळगुळीत तळवा त्या थरावर तरंगतो. खाचा तो थर बाजूला सारतात आणि रबर दगडाला टेकते. मात्र त्या खाचांत लीद आणि पेंढा घट्ट बसतो, आणि संध्याकाळी खिळ्याने कोरून काढला नाही तर सकाळी तळवा पुन्हा गुळगुळीतच. मुतातल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात. नाकाला झोंबतो तो हाच. क्रोमियमने कमावलेले चामडे किंचित आम्लधर्मी असते. अमोनियाच्या अल्कलीने त्याची कमावणी बिघडते आणि ओल्या-सुक्याच्या फेऱ्यांत ते कडक होऊन भेगाळते. स्वारीचे महागडे बूट घालून तबेला झाडणारा माणूस ते असे हळूहळू कुजवत असतो. चामडे टाळून पॉलियुरेथेनचा तळवा घेतला तरी सह्याद्रीतला पावसाळा सोडत नाही. या प्लास्टिकच्या काही प्रकारांचे दमट हवेत पाण्यानेच विघटन होते, आणि कपाटात ठेवलेल्या बुटाचा तळवा एके दिवशी बिस्किटासारखा भुगा होतो. आपल्या हवेत रबर बरे.

मग सैल गमबूट दोन्हीकडे का चालू नये? अडकलाच तर पाय बुटातून निघून येईल, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. ओल्या पायाला आतले रबर चिकटून बसते हे ते विसरतात, आणि जाड तळव्यामुळे पट्टीचा अंदाजही येत नाही. दोन जोडांचा खर्च कोण करणार, हा आक्षेप मात्र खरा आहे. पैसे एकाच जोडापुरते असतील तर दिवसाचे किती तास कुठे जातात, हे पाहून ठरवावे. स्वार तासभर खोगिरावर असतो. मोतद्दार सकाळच्या खराऱ्यापासून रात्रीच्या चाऱ्यापर्यंत खुरांच्या आसपास असतो, आणि बहुतेक ठिकाणी त्याच्याच पायात चप्पल असते. लिदीच्या मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात आणि नालेचे जुने खिळे तिथेच पडलेले असतात. घोड्याची नाल दर सहा-आठ आठवड्यांनी बदलायचा खर्च तबेल्याच्या हिशेबात आधीपासून धरलेला असतो. मोतद्दाराचा टोपीवाला, खाचांचा रबरी बूटही त्याच वहीत, नालबंदाच्या मजुरीखालच्या ओळीत लिहायला हवा.