‘नमन’ म्हणजे संकटाची हाक

बालाघाट जिल्ह्यातील राजेगाव हे बाघ नदीच्या काठचे गाव. नदी ओलांडली की महाराष्ट्राचा गोंदिया जिल्हा लागतो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा भंडारा आणि नागपूर हे जिल्हे एका राज्यात गेले आणि बालाघाट दुसऱ्यात राहिला. परंतु सोयरीक, बाजारहाट आणि घरातली बोली यांनी ही सीमारेषा फारशी मनावर घेतली नाही. नदीने तर ती कधीच मानली नाही. बाघ पुढे वैनगंगेला मिळते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा बालाघाट, गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली या चारही जिल्ह्यांना त्याची झळ पोहोचली. बाघेचे पाणी मोजणारे केंद्रीय जल आयोगाचे केंद्र राजेगावलाच आहे. वरच्या अंगाला पाणी किती वाढले हे खालच्यांना वेळेवर कळण्याचे मोल इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

परंतु वेळेवर कळायचे कसे? पुरात आधी वीज जाते. भ्रमणध्वनीचे मनोरे साठवलेल्या विजेवर काही काळ तग धरतात आणि मग तेही मुके होतात. जुने तारखाते असते तर गोष्ट वेगळी. पण देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्येच बंद झाली. अशा वेळी मोटारीची एक बॅटरी, दोन झाडांमध्ये ताणलेली तार, एक छोटे यंत्र आणि ते चालविण्याची विद्या अवगत असलेला माणूस एवढ्यावर शेकडो कोसांशी संबंध राखता येतो. या माणसाला जगभर ‘हॅम’ म्हणतात; आपण त्याला हौशी बिनतारी चालक म्हणू. ‘हौशी’ या शब्दाने मात्र फसू नये. ही हौस सरकारी परवान्यावाचून करता येत नाही आणि परवाना परीक्षेवाचून मिळत नाही.

परवान्याच्या पायऱ्या

आपल्याकडील हौशी बिनतारी सेवेचे नियम १९७८ साली सविस्तरपणे ठरविण्यात आले. त्या नियमांत दुसऱ्या श्रेणीसाठी मिनिटाला ५ शब्द आणि पहिल्या श्रेणीसाठी १२ शब्द इतक्या वेगाने मोर्स लिपी पाठविणे व घेणे आवश्यक होते. पुढे श्रेणींची संख्या कमी करून ‘मर्यादित’ आणि ‘सामान्य’ अशा दोनच मुख्य श्रेणी ठेवण्यात आल्या. मर्यादित श्रेणीला मोर्सची अट नाही. सामान्य श्रेणीसाठी ती मिनिटाला ८ शब्द अशी ठेवली गेली. मर्यादित श्रेणीच्या चालकाची हाकखूण ‘व्हीयू ३’ ने सुरू होते, सामान्य श्रेणीची ‘व्हीयू २’ ने. पहिल्याला शक्ती कमी आणि मोकळीकही कमी; दुसऱ्याला दोन्ही अधिक. वयाची किमान अट बारा वर्षांची असल्यामुळे घरातला शाळकरी मुलगा किंवा मुलगीही या वाटेला लागू शकते.

मर्यादित श्रेणी मिळवून तिथेच थांबणारे पुष्कळ असतात. वरच्या श्रेणीचा अभ्यास करायचा म्हणजे नोकरी, शेती किंवा शाळा सांभाळून काही महिने रोज थोडा वेळ काढायचा. राजेगावच्या परिसरातील उमेदवाराला सोयीचे शहर नागपूर. या परीक्षेच्या केंद्रांत त्याचे नाव पूर्वीपासून आहे. गोंदियाला जाऊन मुंबई–हावडा मार्गावरची गाडी धरली की नागपूर काही तासांचे. म्हणजे अडचण प्रवासाची नाही, तयारीची आहे. ही तयारी तीन प्रकारची असते: विद्युत्शास्त्राची, नियमांची आणि कानाची.

शास्त्राचा भाग

शास्त्राच्या प्रश्नांत ओहमचा नियम, धारित्रे व वेटोळी, प्रेषक व ग्राही यांची रचना, आकाशतार आणि तरंगांचे प्रसारण हे विषय येतात. ही प्रकरणे पाठ करण्यापेक्षा हाताने करून पाहिली तर लवकर पचतात. आकाशतारेचेच उदाहरण घ्या. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीस कोटी मीटर. म्हणून तीनशे या संख्येला मेगाहर्ट्झमधील कंप्रतेने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे ४२ मीटर येते. हॅम लोक या पट्ट्याला ‘चाळीस मीटर’ म्हणतात. अर्ध्या तरंगलांबीची तार प्रत्यक्षात किंचित आखूड कापावी लागते, म्हणून तीनशेच्या निम्म्याऐवजी १४३ ला भागायचे: लांबी आली सुमारे २० मीटर. मधोमध तोडून दोन्ही बाजूंस दहा-दहा मीटर तार ताणली की झाली ‘द्विध्रुव’ आकाशतार. मुंबईच्या सदनिकेत राहणाऱ्याला यासाठी सोसायटीच्या गच्चीवर परवानगी मागत फिरावे लागते; खेड्यातल्या माणसाच्या परसात आंबा आणि चिंच आधीच उभी असतात. पावसाळ्यात मात्र आकाशात कडकडाट सुरू होण्यापूर्वी ही तार यंत्रापासून सोडवून ठेवली पाहिजे. हा परीक्षेतला प्रश्न आहे तसाच जिवाचाही प्रश्न आहे.

तरंग दूर कसे जातात, हेही नीट समजून घ्यावे. अतिउच्च कंप्रतेचे तरंग साधारणतः नजरेच्या टप्प्यापर्यंतच पोहोचतात. त्याहून कमी कंप्रतेचे, म्हणजे लघुलहरींचे तरंग वर जाऊन आयनांबरावरून परततात आणि दूरवर उतरतात. सूर्यप्रकाशाने वातावरणाच्या उंच थरांतील अणूंचे विद्युत्भारित कणांत रूपांतर होते, त्या थरांचे हे नाव. यातला सर्वांत खालचा थर दिवसा चाळीस मीटरच्या तरंगांना बराच शोषून घेतो आणि सूर्यास्तानंतर विरतो. म्हणून जो पट्टा दुपारी जवळच्या जिल्ह्यांशी बोलतो, तोच रात्री परदेशांचे आवाज आणतो. आपल्या आजोबांना लघुलहरींवरचे परदेशी स्थानक रात्रीच का स्पष्ट लागत असे, त्याचेही उत्तर यातच आहे.

नियमांचा भाग

नियमांचा भाग सोपा समजून शेवटच्या आठवड्यावर ढकलण्याची प्रवृत्ती दिसते. ती योग्य नव्हे. हौशी चालकाने धंद्याचे बोलणे करायचे नाही, गाणी वाजवायची नाहीत, गुप्त सांकेतिक भाषा वापरायची नाही, ठरावीक वेळाने आपली हाकखूण सांगायची, झालेल्या संभाषणांची नोंदवही ठेवायची आणि आपल्यासाठी नसलेला संदेश कानावर पडलाच तर तो दुसऱ्याला सांगायचा नाही. आपत्तीच्या प्रसंगी शासकीय अधिकाऱ्यांच्या विनंतीवरून इतरांचे संदेश पोहोचविणे हा मोठा अपवाद, आणि याच अपवादात या छंदाचे सारे सार्थक आहे.

या निर्बंधांमागे इतिहास आहे. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी चालकांचे परवाने रद्द केले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला, तो ४२.३४ मीटरवर, म्हणजे आज हॅम मंडळी ज्या ‘चाळीस मीटर’ पट्ट्यात गप्पा मारतात, त्याच पट्ट्यात. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी तो पकडला. तरंगांना भिंत नसते. त्यामुळे कोणतेही सरकार त्यांच्याकडे बेफिकिरीने पाहत नाही.

कानाचा भाग

आता राहिली मोर्स लिपी, जिच्यापाशी बहुतेकांची पावले अडखळतात. २००३ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने मोर्सची सक्ती काढून घेतली आणि पुढे अनेक देशांनी परीक्षेतून ती वगळली. मग आपल्याकडे तिचा हट्ट कशाला, असे पुष्कळजण विचारतात. उत्तर व्यवहाराचे आहे. क्षीण आवाजातले बोलणे खरखरीत विरघळते, तिथे मोर्सचा एकसुरी ठोका अजून ऐकू येतो. आणि तो काढणारे यंत्र अगदी साधे, थोड्या विजेवर चालणारे असू शकते. पुराच्या चौथ्या दिवशी बॅटरी उतरत आलेली असताना या गुणाची किंमत कळते.

मोर्समध्ये दोनच ध्वनी: आखूड ‘डिट’ आणि लांब ‘डा’. ‘डा’ तीन ‘डिट’ इतका लांब. मिनिटाला ८ शब्द आणि शब्दाला ५ अक्षरे धरली तर मिनिटाला ४० अक्षरे होतात. या गतीत एक ‘डिट’ सुमारे ०.१५ सेकंदाचा. मराठी घरात वाढलेल्याला ही रचना परकी वाटू नये. ही तर लघु-गुरूंची भाषा आहे! फरक इतकाच की आपला गुरू दोन मात्रांचा आणि मोर्सचा तीन.

शाळेत वृत्ते शिकताना ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र आपण घोकलेले असते. त्यातून तीन अक्षरांचे आठ गण निघतात. मोर्समध्येही तीन ठोक्यांची रोमन अक्षरे नेमकी आठच आहेत, आणि एकेका गणाला एकेक अक्षर चपखल बसते. य गण म्हणजे डब्ल्यू, म गण म्हणजे ओ, त गण जी, र गण के, ज गण आर, भ गण डी, न गण एस आणि स गण यू. ज्याला गण पाठ आहेत, त्याची सव्वीसपैकी आठ अक्षरे पहिल्या संध्याकाळीच झाली. आणि संकटात सापडलेल्या जहाजांची जगप्रसिद्ध हाक ‘एसओएस’ या हिशेबाने काय होते? न, म, न. म्हणजे ‘नमन’! ती सलग, मध्ये न थांबता पाठवितात. एकदा कळल्यावर ती विसरणे अशक्य.

तथापि हे सूत्र दाराशी सोडून आत जावे लागते. अक्षर कानावर पडताच गण आठवायचा, गणावरून अक्षर काढायचे, असा द्राविडी प्राणायाम मिनिटाला ८ शब्दांच्या गतीत जमत नाही. वृत्त ओळखणारा रसिक जसा मात्रा मोजत बसत नाही, चाल ऐकताच ओळखतो, तसे प्रत्येक अक्षर चालीने ओळखू आले पाहिजे. कॉख नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात यासाठी एक पद्धत सांगितली: अक्षरे आरंभापासून पूर्ण गतीने ऐकायची, पण सुरुवात दोनच अक्षरांनी करायची, शंभरांत नव्वद बरोबर येऊ लागली की तिसरे घ्यायचे. रोज दोन तास एकदम बसण्यापेक्षा वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका बऱ्या. ऐकताना एखादे अक्षर सुटले तर त्याच्या मागे धावू नये. जागा कोरी सोडून पुढचे घ्यावे. एकाच्या शोकात पुढची चार घालविणे हीच नवशिक्याची नेहमीची गत. घरातल्या कुणी पाठवायचे आणि कुणी लिहायचे, असा खेळ मांडला तर मुलांनाही गोडी लागते.

कशासाठी?

२६ डिसेंबर २००४ च्या सकाळी त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी बिनतारीच्या एका मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होते. अंदमानचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला आणि छंदासाठी नेलेली यंत्रे आप्तांची खुशाली कळविण्याचे साधन ठरली. त्या मंडळींनी विद्या संकट आल्यावर शिकली नव्हती. ती आधीच हाताशी होती. अडीअडचणीला धावून येणारी प्रत्येक विद्या अशीच असते.

म्हणून बाघेच्या, वैनगंगेच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही नदीच्या काठी राहणाऱ्या आपल्या कुटुंबांपैकी एखाद्या घरात मर्यादित परवाना कपाटात पडून असेल, तर त्याने पुढची पायरी चढण्याचा विचार जरूर करावा. अर्जाची रीत आणि शुल्क वेळोवेळी बदलते. ते दूरसंचार विभागाकडून आधी समजून घ्यावे. घरच्यांनी एवढेच करावे: संध्याकाळी माजघरातून ‘डि-डि-डा’ ऐकू येऊ लागले, तर हसू नये, आणि दूरदर्शनचा आवाज वीस मिनिटे कमी ठेवावा. पावसाळ्याच्या तोंडी सुरुवात केली तर पुढच्या पावसाळ्याआधी गावात एक तयार कान असेल.